लेक विधानभवनात शिकायला जाते तेव्हा

इंटर्नशिप म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, समोर लॅपटॉप आणि महिनाअखेर मिळणारा थोडाफार स्टायपेंड. इंजिनीअरिंगची मुलं कंपनीत जातात, कॉमर्सची मुलं सीएच्या ऑफिसात जातात. मी इंग्रजी घेऊन बीए केलं, लेख लिहिण्याची इंटर्नशिप केली आणि त्याच वाटेने नोएडात कंटेंट रायटर झाले. हे सगळं घरच्यांना समजतं, नातेवाइकांना सांगताही येतं. पण राज्यशास्त्र शिकणारी मुलगी एके दिवशी म्हणाली, "मला आमदारांच्या ऑफिसात इंटर्नशिप करायची आहे," तर घरात काय होईल?

आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात हेच झालं. माझी मावसबहीण नागपूरला राज्यशास्त्रात एमए करते, पहिल्या वर्षाला होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एमएच्या पहिल्या वर्षीच ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे, त्याला ४ क्रेडिट असतात. वर्गातल्या कुणी ग्रंथालय निवडलं, कुणी स्वयंसेवी संस्था. हिने आमदारांचं ऑफिस निवडलं आणि घरात एकदम शांतता पसरली.

हे खूळ आलं कुठून?

मावशीचा पहिला प्रश्न हाच होता. उत्तर डिसेंबरात होतं. महाराष्ट्र विधानमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं हे आपल्याला माहीत आहे. त्याच दिवसांत राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यातल्या विद्यापीठांमधल्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. मुलं गॅलरीत बसून सभागृहाचं कामकाज बघतात, मंत्री, आमदार, विधिमंडळाचे अधिकारी आणि पत्रकार यांची व्याख्यानं ऐकतात. बहिणीची त्यासाठी विभागाकडून निवड झाली होती.

तिकडून आल्यावर तिने मला नोएडाला फोन केला. मला वाटलं, अमुक मंत्री बघितला, तमुकासोबत सेल्फी काढला असं सांगेल. ती सांगत होती कागदांबद्दल! "ताई, टीव्हीवर नुसता गोंधळ दिसतो गं. पण टेबलावर केवढे कागद असतात माहितीये?" तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना असते. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य, आणि वेळ सगळ्यांना मिळून तेवढाच. त्यामुळे प्रश्न नीट लिहिलेला नसेल तर तो गेलाच म्हणून समजा. तो लिहितं कोण, त्यामागची माहिती गोळा कोण करतं, हा तिला पडलेला प्रश्न होता.

आम्हा नागपूरकरांना अधिवेशन म्हणजे बंद रस्ते आणि मोर्चे एवढंच ठाऊक. सीताबर्डीतल्या शहीद गोवारी उड्डाणपुलावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी बांधव गेले, त्यांच्या नावाचा तो पूल. मागणी होती जमातीच्या सवलतींची. बहीण म्हणाली, "बाहेर माणसं ज्यासाठी जीव टाकतात ना, आत त्याचा एक प्रश्न क्रमांक असतो." हे ऐकल्यावर मला ते खूळ वाटेनासं झालं.

"राजकारण आपलं काम नाही"

मावशीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "काय करून राहिली ही पोरगी? बँकेच्या परीक्षेच्या क्लासची फी भरलीय आणि ही आमदाराच्या दारात जाऊन बसणार. तूच समजाव तिला, तुझं ऐकते ती."

मावशीची भीती खोटी नव्हती. आमदाराचं ऑफिस म्हणजे दिवसभर माणसांची ये-जा, गाड्या, कार्यकर्ते. संध्याकाळी किती वाजता सुटणार याचा नेम नाही. पैसे मिळणार नव्हते. त्यात काकांची नोकरी सरकारी, उद्या कुणी म्हणायचं की मुलगी अमक्या पक्षाची आहे. आणि सगळ्यात शेवटी हळूच आलेलं वाक्य, "स्थळं बघायला लागलोय आम्ही. पाहुण्यांना काय सांगायचं?"

मी मावशीला एकच विचारलं. आपल्या मुली गेल्या नाहीत तर तिथे कोण जातं? ज्याचे वडील सरपंच आहेत तो जातो. जिचे काका जिल्हा परिषदेत आहेत ती जाते. त्यांना कुणी समजावत नाही, कारण त्यांच्या घरात ते काम ओळखीचं आहे. ते लहानपणापासून शिकतात की अर्ज कुठे अडतो, फाइल कुणाकडे असते, कुणाला फोन करायचा. आपल्याकडे "राजकारण आपलं काम नाही" असं म्हणत आपण मुलांना दूर ठेवतो आणि नंतर तक्रार करतो की घराणीच घराणी दिसतात. घराण्यांना जागा मिळते त्यात आपल्या घाबरण्याचाही थोडा वाटा आहे.

मावशी म्हणाली, "तू नोएडात बसून भाषण देऊ नकोस." बरोबरच होतं तिचं. मग मी भाषण सोडून आजीची गोष्ट काढली.

आजीची खडी

आमचं आजोळ परभणीकडचं. १९७२ च्या दुष्काळात आजीने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, हे मावशीने आणि आईने स्वतः पाहिलेलं. त्या दुष्काळातच महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यामागचं डोकं होतं वि. स. पागे यांचं. ते १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. योजनेचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा कायद्याने दिलेला हक्क. पुढे २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

मावशीला रोजगार हमी माहीत होती, पागे माहीत नव्हते. मी म्हटलं, "आजीच्या हातातल्या हातोड्याचा आणि त्या इमारतीचा संबंध आहे ना? मग तुझ्या लेकीला तो बघू दे की." विधिमंडळात संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, त्याला पागे यांचंच नाव आहे. मावशी "बघू" म्हणाली. आमच्याकडे "बघू" म्हणजे निम्मं काम झालं.

दिल्लीच्या मुलांना हे कसं माहीत असतं?

इथे दिल्ली-एनसीआरमध्ये राहून मला एक गोष्ट सतत दिसते. इथल्या मुलांना हे काम करिअर म्हणून माहीत असतं. पीजीत, मेट्रोत, चहाच्या टपरीवर कुणीतरी "लॅम्प"चा फॉर्म भरलेला असतो. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून ही फेलोशिप चालवते. पंचवीस किंवा त्याहून कमी वयाची पदवीधर मुलं एकेका खासदाराबरोबर जवळजवळ वर्षभर काम करतात, प्रश्न, भाषणं आणि विधेयकांसाठी संशोधन करतात आणि त्यांना स्टायपेंडही मिळतो. नागपूरच्या माझ्या बहिणीने हे नाव पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं. हुशारीत ती कुठेच कमी नाही, पण ही माहिती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

गंमत बघा, मी राहते ते नोएडा उत्तर प्रदेशात. इथला आमदार बसतो लखनौच्या ४०३ सदस्यांच्या विधानसभेत, म्हणजे एका रात्रीच्या प्रवासावर. आणि दिल्लीची विधानसभा? ब्लू लाइनने राजीव चौक, तिथे बदलून यलो लाइन आणि स्टेशनचं नावच "विधान सभा". तिथल्या जुन्या सचिवालयाच्या इमारतीत इंग्रजांच्या काळात केंद्रीय कायदेमंडळ भरायचं आणि १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल त्याचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले.

याच विधानसभेने २०१९ मध्ये संशोधन केंद्र सुरू करून तरुण फेलो नेमले होते. आमदारांना आणि समित्यांना अभ्यासात मदत करणं हे त्यांचं काम. जुलै २०२३ मध्ये सरकारी आदेशाने त्यांचं काम थांबवण्यात आलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. बाजू कुणाची बरोबर, तो वाद इथे नको. पण मुलांना हे आधीच सांगायला हवं की असं काम कराराचं असतं आणि वरची हवा बदलली की खालचं टेबल हलतं. इंटर्नशिपने अनुभव मिळतो, नोकरीची हमी मिळत नाही. बहिणीलाही मी हे स्पष्ट सांगितलं आणि बँकेचा क्लास सोडू नकोस हेही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या विधानसभेची फेलोशिप १९५७ पासून चालू आहे. अकरा महिने पूर्ण वेळ काम आणि त्याचा पगार. पगाराचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण काम फुकटचं असलं की ज्यांना परवडतं तीच मुलं येतात. त्यावर पुढे बोलू.

काकांची वही

काका मुळात हिशोबी माणूस. त्यांनी "हो" किंवा "नाही" म्हणायच्या आधी वही काढली. आम्ही फोनवर बसून प्रश्न लिहिले आणि बहिणीने ते ऑफिसातल्या स्वीय सहायकांना स्वतः विचारले. तुमच्या घरात असा प्रसंग आला तर ही यादी उपयोगी पडेल.

१. विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं पत्र आहे का? ते असेल तर मुलगी विद्यार्थिनी म्हणून जाते, ओळखीतून आलेली म्हणून नाही.

२. काम नेमकं कोणतं? अर्जांची नोंद, प्रश्नांसाठी माहिती, कात्रणं, मतदारसंघाचा अभ्यास हे ठीक. प्रचार, झेंडे, पक्षाच्या पोस्ट टाकणं ठीक नाही. हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं.

३. वेळ काय आणि बसायचं कुठे? ऑफिसात आणखी महिला आहेत का? दौऱ्यावर जायचं असेल तर कुणाबरोबर?

४. तक्रार कुणाकडे करायची? कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे मुलीला आणि आईला, दोघींना माहीत हवं.

५. लोकांच्या अर्जांना आधार कार्ड आणि पासबुकाच्या झेरॉक्स जोडलेल्या असतात. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, घरी आणायचे नाहीत.

६. शेवटी काय मिळणार? प्रमाणपत्र, शिवाय कामाचा लेखी अहवाल जो मुलगी विभागात सादर करू शकेल.

दौऱ्यावर जायचं नाही आणि साडेपाचची एसटी पकडायची, या दोन अटींवर काकांनी होकार दिला.

आठ आठवडे, एक ढीग

मतदारसंघाचं ऑफिस नागपूरपासून दीड तासावर. पहिले दहा दिवस तिने फक्त अर्ज नोंदवले. तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, "ताई, मी कारकून झाले." मी म्हटलं, "थांब जरा."

आपल्याकडे आमदाराचं ऑफिस चालतं ते शिफारसपत्रांवर. माणूस येतो, अडचण सांगतो, स्वीय सहायक तहसीलदारांना पत्र लिहून देतात, माणूस पत्र घेऊन जातो. पुढचा माणूस येतो. प्रत्येकाचं काम वेगळं आणि प्रत्येकाचं पत्र वेगळं. अभ्यास करायला त्या ऑफिसात वेगळा माणूसच नसतो. पीआरएसच्या अहवालानुसार २०२३ मध्ये राज्यांच्या विधानसभा सरासरी २३ दिवस बसल्या. म्हणजे वर्षातले बाकीचे सगळे दिवस आमदारांच्या दारात हीच रांग.

बहिणीने नोंदी करताना स्वतःसाठी एक रकाना वाढवला, अडचण कशाची आहे याचा. तिसऱ्या आठवड्यात तिला एक ढीग दिसायला लागला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज. विधवा, अपंग, ज्यांना कुणी नाही अशी माणसं. महिना १,५०० रुपयांचं अनुदान काही महिन्यांपासून बंद. कारण जवळजवळ सगळीकडे तेच, आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं नाही किंवा जोडलेलं असूनही नावात फरक. एक आजी तीन वेळा येऊन गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्यांना वेगळं पत्र दिलं गेलं होतं, कारण आधीची दोन कुणाला आठवतच नव्हती.

तिने गावनिहाय तक्ता केला आणि सहायकांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. नावं चाळीसच्या वर होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच बँकेच्या शाखेशी जोडलेली. मग दोन गोष्टी झाल्या. तहसील कार्यालयाला सगळ्यांचं मिळून एकच पत्र गेलं, तक्त्यासकट. आणि पावसाळी अधिवेशनासाठी प्रश्नाचा मसुदा तयार झाला. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी पाठवावे लागतात, म्हणून तिने तो दोन दिवसांत पाचदा लिहिला. "खरे आहे काय", "असल्यास", "विलंबाची कारणे काय आहेत" ही प्रश्नांची ठरलेली भाषा तिला तोंडपाठ झाली.

प्रश्न त्या अधिवेशनात चर्चेला आला नाही. शेकडो प्रश्नांत तो मागे राहिला. पत्राचं मात्र काही झालं. बँकेच्या त्या शाखेत एका शनिवारी फक्त निराधारांच्या खात्यांचं काम झालं आणि यादीतल्या काही जणांचे पैसे सुरू झाले. सगळ्यांचे नाही. तीन वेळा आलेल्या आजींचं नाव अजून अडकलेलंच आहे, कारण त्यांच्या आधारवर वय चुकलंय. बहीण अजून त्यांच्या नातवाला फोन करून विचारते.

पैशाचं काय?

आठ आठवड्यांत तिला एक रुपया मिळाला नाही. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून रोजचं जाणं-येणं निभलं. ती सवलतही मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात, विधानसभेतच जाहीर झालेली! डबा घरचा. तरी काकांच्या वहीत शेवटी जो आकडा आला तो लहान नव्हता. त्यांच्या जागी रोजंदारीवर जाणारे वडील असते तर? मुलगी त्या दोन महिन्यांत दुकानात उभी राहून घरात पैसे देत असती तर? तिच्याच वर्गातल्या एका मैत्रिणीला हेच काम करायचं होतं. तिने गावाजवळच्या पतसंस्थेत ट्रेनिंग घेतलं, कारण तिथे जेवणाचे पैसे मिळत होते.

विद्यापीठांनी ट्रेनिंग सक्तीचं केलं हे चांगलंच. पण निदान प्रवासखर्चाची सोय हवी, नाहीतर हे दार पुन्हा त्याच घरांसाठी उघडं राहील. आमदार, कॉलेज, माजी विद्यार्थी, गावातली एखादी संस्था, कुणीही ही सोय करू शकतं. आठ आठवड्यांचं एसटीचं तिकीट, एवढीच तर गोष्ट आहे.

मावशी आता काय म्हणते?

मावशी अजूनही म्हणते की बँकेची नोकरी लागली तर बरं. बहिणीने बँकेची परीक्षा दिली आहे आणि एमए झाल्यावर लॅम्पचा फॉर्मही भरणार आहे. दोन्हीपैकी काय लागेल ते लागेल. स्थळ बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?" मावशीने सांगितलं, "एमए करते आणि निराधारांचे अर्ज बघते." पाहुणे गोंधळले म्हणे. मग त्यांच्यातल्या एक बाई, मुलाची आत्या, हळूच म्हणाल्या, "आमच्या शेजारणीचं अनुदान बंद झालंय हो. काय करावं लागतं?"

तुमच्याही घरात राज्यशास्त्र, कायदा किंवा पत्रकारिता शिकणारं कुणी असेल तर यंदाच्या हिवाळी अधिवेशनाआधी त्यांच्या विभागात चौकशी करा, अभ्यासवर्गाला कुणाची निवड होते, ट्रेनिंगसाठी विधिमंडळाचं काम चालतं का. आणि मूल म्हणालं की मला आमदारांच्या ऑफिसात काम शिकायचंय, तर आधी वही काढा, प्रश्न लिहा. उत्तरं समाधानकारक असतील तर साडेपाचच्या एसटीची वेळ ठरवून त्याला पाठवा.